प्रश्न एक, अर्थ अनेक : स्वभावाच्या मोजमापातील अडचणी

प्रकृतिपरीक्षणासाठी छापील प्रश्नावली वापरण्याचा प्रघात आपल्या अनेक चिकित्सालयांत रुळला आहे. आम्हीही ती वापरतो. शेतमजुरी करणाऱ्या एका रुग्णेस आम्ही विचारले, "राग लवकर येतो का?" त्या म्हणाल्या, "रागवून सांगायचं कुणाला, डॉक्टर?" आम्ही 'नाही'च्या रकान्यात खूण केली. अशाच उत्तरांच्या बेरजेतून प्रकृती कफप्रधान ठरली. उष्ण-तीक्ष्ण औषधांनी त्यांना अम्लपित्ताचा त्रास झाला, तेव्हा आमची चूक उमगली. राग होता, तो दाखविण्याची मुभा नव्हती.

मानसशास्त्रज्ञांनाही हीच अडचण भेडसावते. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नवानुभवांची ओढ या पाच घटकांत मनुष्यस्वभाव सामावतो, असे मानणारा सिद्धांत प्रामुख्याने इंग्रजीतील स्वभाववाचक शब्दांच्या अभ्यासातून आकारास आला. मायकेल गर्व्हन व सहकाऱ्यांनी बोलिव्हियातील चिमाने जमातीच्या 632 प्रौढांना त्यांच्या भाषेत हे प्रश्न विचारले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते पाच घटक स्पष्टपणे आढळले नाहीत. दिसले ते दोन : समाजाभिमुखता आणि उद्यमशीलता. अन्य 430 जणांकडून जोडीदाराविषयी माहिती घेतली, तरीही पाच घटकांची मांडणी जुळली नाही.

असे का घडावे? शब्दाचे भाषांतर होते, त्यामागील जीवनाचे होत नाही. विचारणाऱ्याचा मान राखण्यासाठी काही जण परस्परविरोधी विधानांनाही होकार देतात. शिवाय मनुष्य स्वतःला तोलतो तो भोवतीच्या माणसांशी. कष्टाळूंच्या गावातील कष्टाळूही स्वतःस सामान्यच समजतो. म्हणून दोन समाजांच्या गुणांची थेट तुलना फसवी ठरते.

चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात प्रकृतीचा विचार करताना जाती, कुल, देश, काल, वय आणि प्रत्येकाचे वैयक्तिक वैशिष्ट्य अशा सहा बाबी सांगितल्या आहेत. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेत प्रश्न हा केवळ एक भाग होय. प्रश्नावलीच्या सोयीपायी आपण उरलेल्या दोहोंस गौण तर लेखीत नाही ना?

आमची नम्र सूचना अशी : प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारावा, तोच आशय उलट बाजूनेही तपासावा आणि शक्य तेथे दोन वैद्यांनी स्वतंत्र परीक्षण करून निष्कर्ष ताडून पाहावेत. नाडीवर बोट ठेवण्यापूर्वी रकाना भरला जाऊ नये, एवढे पथ्य वैद्यानेही पाळावे.