सोमवारचा तांदूळ

संध्याकाळी पाचच्या सुमारास हॉस्टेलच्या मेसमधले मुख्य आचारी कोठीच्या दारात येतात. हाताखालचा पोरगा विचारतो, “मामा, आज किती टाकू?” मामा आकडा सांगत नाहीत. “सोमवारचा टाक,” एवढंच म्हणतात आणि पोरगा मुकाट्याने साठ किलो तांदूळ मोजून घेतो. त्या वेळी मेसचे हजार मेंबर शहरभर पांगलेले असतात. कोणी प्रॅक्टिकलला अडकलेला, कोणी लायब्ररीत पेंगणारा, कोणी वडापाव खाऊन पोट भरून बसलेला. रात्री जेवायला आहात का, असं एकालाही कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी निम्म्यांना सांगता आलं नसतं. तरीही साडेनऊला मेस बंद होते, तेव्हा पातेल्याच्या तळाशी भात उरतो तो थोडकाच.

चार माणसांच्या घरात हे जमत नाही. एकाने ऐनवेळी “मी बाहेर खाऊन आलो” म्हटलं की पाव हिस्सा स्वयंपाक उरतो आणि न सांगता दोन पाहुणे आले की पुन्हा कुकर लावावा लागतो. मग हजार लहरी पोरांचा अंदाज चार माणसांपेक्षा सोपा कसा?

थोडी आकडेमोड करू. समजा, प्रत्येक मेंबर पाचांपैकी चार वेळा मेसमध्ये जेवतो आणि एकदा दांडी मारतो. कधी मारेल याचा नेम नाही. दहाच मेंबर असतील तर सरासरी आठ जण येतील, पण एखाद्या रात्री सहाच येतील, एखाद्या रात्री दहाही. म्हणजे अंदाज सहज पाव हिश्शाने चुकतो. आता हजार मेंबर घ्या. सरासरी आठशे. इथे वीसपैकी एकोणीस रात्री आकडा ७७५ ते ८२५ च्या दरम्यानच पडतो. चूक शेकडा तीनच्या आसपास. एकाची दांडी दुसऱ्याच्या हजेरीने भरून निघते, आणि माणसं जितकी जास्त तितकी ही भरपाई चोख. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने हा नियम सिद्ध केला. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली छापलं गेलं. मामांनी बर्नुलीचं नावही ऐकलेलं नसेल, पण त्यांचं ‘सोमवारचा टाक’ त्याच नियमावर उभं आहे. कोण येणार हे कोणालाच माहीत नसतं. किती येणार हे मात्र जवळपास पक्कं असतं.

या नियमाला एक अट आहे. प्रत्येकाची दांडी ज्याची त्याची असली पाहिजे. सगळे एकाच कारणाने हलले की भरपाईचा खेळ मोडतो. म्हणून जुन्या आचाऱ्याचं खरं कसब सरासरी ओळखण्यात नसतं, ती तर कोणीही वहीवरून काढेल. सगळ्यांना एकदम हलवणाऱ्या गोष्टींवर त्याची नजर असते. भारत-पाकिस्तान सामना आहे? गर्दी एक तर सातला येईल, नाही तर सामना संपल्यावर एकदम तुटून पडेल. आषाढी एकादशी आहे? भात कमी, साबुदाणा जास्त. श्रावण लागला की अंडा करी घेणारे एकदम रोडावतात. आणि पाऊस! नवख्याला वाटतं, पावसात पोरं येणार नाहीत. उलट होतं. बाहेर टपरीवर जाणारेही भिजायचा कंटाळा करून मेसच्याच रांगेत उभे राहतात. आभाळ भरून आलं की मामा न विचारताच पाच किलो तांदूळ वाढवतात. रविवारी फीस्ट असली की हिशेबच वेगळा. गुलाबजामच्या दिवशी गावाला गेलेलाही दुपारची गाडी पकडून परत येतो.

मेसचा दरही याच अंकगणितावर बसलेला असतो. पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच भरायचे. दोन वेळचं धरलं तर महिन्याची साठ जेवणं. त्यातली दहा-बारा बुडाली की मेंबर करवादतो, “पैसे फुकट गेले.” मेसमध्ये खाडा मिळतो तो सहसा आधी कळवलेल्या, सलग काही दिवसांच्या गैरहजेरीचा, एखाद्या रात्रीच्या दांडीचा नाही. हा नियम मेंबरांना लुबाडणूक वाटतो. पण सरासरी मेंबर साठपैकी ४८ वेळाच जेवतो, हे धरूनच कंत्राटदाराने दर सांगितलेला असतो. तुमची बारा जेवणं शिजलेलीच नसतात, आणि त्यांची किंमतही दरातून आधीच वजा झालेली असते. उद्यापासून सगळ्यांनी ‘पैसे वसूल’ करायचे म्हणून एकही वेळ न चुकवता जेवायचं ठरवलं, तर पुढच्या महिन्यात दर वाढेल. दोन पोळ्यांत ढेकर देणारी मुलगी आणि आठ पोळ्यांनंतर ताक मागणारा पैलवान एकच रक्कम भरतात, तेही यातच आलं. हजारांच्या पंगतीत कमी खाणारे आणि जास्त खाणारे एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यातल्या कोणालाच त्याचा पत्ता नसतो.

विद्यार्थ्यांच्या पोटाची सोय लावायची आपल्याकडची जुनी तऱ्हा याच्या अगदी उलटी होती. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी. एक खाणारा आणि सात चुली. कोणत्याच घरावर भार पडत नसे, पण मुलगा मात्र सात घरांचा मिंधा असे, आणि कोणत्या मुलाला कोणत्या घराचा उंबरा ओलांडता येईल हे जात ठरवत असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग काढलं, तिथे हे गणित उलटलं: चूल एक, खाणारे अनेक, आणि सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्रही मोडलं, ही हकीकत साताऱ्याकडे आजही सांगितली जाते. मुलं थोडी, देणगीचा नेम नाही आणि शिल्लक शून्य. अशा वेळी सरासरी उपयोगी पडत नाही, कोणीतरी अंगावर सोसावं लागतं.

आता मुदपाकखान्यात शिरू. घरची आमटी दोनशे पट केली की मेसची आमटी होते, असं वाटणं साहजिक आहे. तसं करून पाहिलं तर ती पाणचट होते. एक लिटरच्या पातेल्याच्या जागी त्याच आकाराचं दोनशे लिटरचं भांडं घेतलं तर आमटी दोनशे पट वाढते, पण तिचा हवेला लागणारा वरचा भाग वाढतो फक्त चौतीस पट. वाफ जाते ती वरूनच. म्हणजे लिटरमागे पाणी उडून जायचं प्रमाण घरच्या सहाव्या हिश्शावर येतं. म्हणून आचारी पाणी प्रमाणाने कमी घालतो.

दुसरा प्रश्न तळाचा. गॅसच्या ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या बरंच वर असतं. एवढ्या दाट डाळीला खालून तशी आच दिली तर वरचं कोमट असतानाच तळ करपतो. मोठ्या मेसमध्ये यावर वाफेचा तोडगा असतो. भांड्याला दोन भिंती असतात आणि मधल्या पोकळीत बॉयलरची वाफ सोडतात. एक किलो वाफेचं पुन्हा पाणी होताना २२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात सुमारे सात लिटर गार पाणी उकळीला येतं. आणि वाफ उष्णता टाकते तीही हिशेबाने. भिंतीचा जो भाग थंड, तिथेच ती जास्त जमते आणि तिथेच जास्त उष्णता देते. जो भाग तापला, तिथे आपोआप हात आखडता घेते. वाफेचं तापमान १२० अंशांच्या आसपासच असल्याने डाळ तळाला धरत नाही. झाकण उघडून पाहिलं तर अख्ख्या भांड्यात एकसारखे बुडबुडे येत असतात आणि खाली ज्योत कुठेच नसते.

याच मोठेपणाची दुसरी बाजू म्हणजे असं भांडं लवकर निवत नाही. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत आणि पाच ते साठ अंशांमध्ये पुन्हा जोर धरतात. उरलेला भात मोठ्या पातेल्यातच ठेवला तर वरचा थर गार लागतो, पण मधला गड्डा कित्येक तास नेमका याच पट्ट्यात राहतो. म्हणून शहाणा आचारी उरलेला भात आधी उथळ परातींत पसरतो, मगच फ्रिजचं दार उघडतो.

या सगळ्या मोठेपणाला दाद देत नाही ती पोळी. डाळ भांड्याने शिजते, पोळी मात्र एकेकच भाजावी लागते. आठशे जणांना चार-चार म्हटलं तरी ३२०० पोळ्या. एका पोळीला एक मिनिट धरलं तर एका तव्यावर त्रेपन्न तास लागतील. एका वेळी आठ पोळ्या मावतील असा थोरला तवा घेतला तरी पावणेसात तास, आणि असे दोन तवे लावले तरी तीन तासांच्या वर. तासाला हजारेक पोळ्या काढणारं यंत्र आणलं, तरी तेही तीन तासांखाली येत नाही. साडेसातच्या रांगेत हाती पडणारी पोळी साडेचारला तव्यावरून उतरलेली असू शकते, ती यामुळे. मेसच्या तक्रारवहीत डाळीपेक्षा पोळीचं नाव जास्त वेळा दिसलं, तर त्यात पोळ्या करणाऱ्या मावशींच्या हाताचा दोष शोधू नये.

वाया जाणाऱ्या अन्नालाही हेच मोठे आकडे लागू पडतात. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना तिथला मील प्लॅन चांगला ओळखीचा: दारात कार्ड स्वाइप करायचं आणि आत हवं तेवढं खायचं. २००८ च्या सुमारास तिथल्या अनेक विद्यापीठांनी जेवणघरातले ट्रे काढून टाकले. कोणावर बंदी नाही, कोणाला उपदेश नाही. फक्त दोन हातांत मावेल तेवढंच एका खेपेत उचलता येऊ लागलं. टाकलं जाणारं अन्न लक्षात येण्याइतकं घटलं. एकेकट्याला विचारलं असतं तर आपण कमी घेतलं हे कोणालाच सांगता आलं नसतं. प्रत्येकाच्या ताटात एक चमचा कमी उरला, तर हजार ताटांमागे चमच्यांचे किलो होतात.

तेव्हा मेंबरांनी एक करावं. रात्री एकट्याने दांडी मारणार असाल तर खुशाल मारा; तुमचं जेवण बर्नुलीने आधीच वजा केलंय. पण अख्खा वर्ग मिळून सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला निघणार असेल, तर आदल्या दिवशी मामांना सांगून जा. हजार जणांची लहर त्यांना न सांगता कळते. साठ जणांचा बेत मात्र कोणत्याही सोमवारात लिहिलेला नसतो.