दहा लाखांतला एक मुलगा आणि त्याची सही

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बेलव्हिल नावाचं छोटं गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. तिथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला असलेल्या ब्राइस अंडरवुड या सतरा वर्षांच्या मुलाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी आपला विचार बदलला. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याने दीड हजार किलोमीटरवरच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाला तोंडी शब्द दिला होता. आता त्याने मिशिगन विद्यापीठ निवडलं. ते त्याच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. आपल्याकडे बारावीचा मुलगा कोणत्या कॉलेजात जाणार, याची काळजी घरच्यांना असते. अंडरवुडची काळजी जवळजवळ वर्षभर दोन राज्यं करत होती.

कारण तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे हेल्मेट घालून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्या हातातून प्रत्येक चाल सुरू होते तो खेळाडू. शिवाय त्या वर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या देशभरातल्या खेळाडूंत तो पहिल्या क्रमांकाचा मानला जात होता. मिशिगनने त्याला चार वर्षांसाठी १ कोटी ते १ कोटी २० लाख डॉलर मिळतील अशी तजवीज केल्याच्या बातम्या आल्या. तेव्हाच्या दराने हे साधारण ८५ ते १०० कोटी रुपये होतात. त्यानंतर तीनच दिवसांनी जेद्दाहच्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची विक्रमी बोली लागली. तोवर पंत अनेक वर्षं भारताकडून खेळलेला होता. अंडरवुड कॉलेजचा एकही सामना खेळलेला नव्हता, आणि त्याची वर्षाची रक्कम २१ ते २५ कोटींच्या घरात जात होती.

तो किती जणांतून वर आला, ते पाहू. अमेरिकेतल्या शाळांमध्ये दर वर्षी दहा लाखांहून अधिक मुलं हा खेळ खेळतात. हायस्कूलच्या चार इयत्ता धरल्या, तर शेवटच्या वर्षाला अंदाजे अडीच लाख उरतात. वरच्या गटातली विद्यापीठं २०२४ मध्ये १३४ होती, आणि तेव्हाच्या नियमाने प्रत्येकाकडे एकूण ८५ शिष्यवृत्त्या होत्या. म्हणजे दर वर्षी एका विद्यापीठात जेमतेम पंचविसेक नव्या मुलांना जागा. त्यातही ‘फाइव्ह स्टार’ हा शिक्का मिळतो तो फक्त तिसेक मुलांना. व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि कॉलेज खेळाडूंमधून होणाऱ्या निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ नावं पुकारली जातात, त्या अंदाजाने ही संख्या ठरवलेली असते. अडीच लाखांत तीस, म्हणजे आठ हजारांत एक. त्या तिसांतला पहिला अंडरवुड.

हा एवढा आटापिटा कशासाठी, हे मैदानं पाहिली की कळतं. मिशिगनच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ते ज्या शहरात आहे त्या ॲन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. आपलं वानखेडे मैदान तिथे तीन वेळा मावेल. लाखावर क्षमतेची अशी आठ मैदानं अमेरिकेत आहेत आणि आठही विद्यापीठांची आहेत. तिथल्या कोणत्याही व्यावसायिक संघाच्या मैदानाची मूळ आसनक्षमता लाखाला पोचत नाही. अशा विद्यापीठांच्या गावांमध्ये आजोबा, वडील आणि नात एकाच संघाचा रंग अंगावर घेऊन बसतात. शनिवारचा सामना हा त्यांचा वार्षिक जत्रेसारखा घरचा सण असतो, आणि पुढच्या चार वर्षांचा सण कसा जाणार, हे त्या एका मुलाच्या सहीवर अवलंबून आहे असं त्यांना मनापासून वाटतं.

म्हणून वाद होतात. त्याच्या जागेवर आधीच कोण आहे, आई घराजवळच ठेवू पाहतेय का, प्रशिक्षक पुढच्या वर्षी टिकणार का, पैसे कोण जास्त देणार. प्रशिक्षकाचं खासगी विमान कोणत्या गावात उतरलं, यावरही लोक नजर ठेवून असतात. तरीही अंदाज चुकतात. डिसेंबर २०२१ मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला दिलेला दीड वर्षाहून जुना शब्द सोडून जॅक्सन स्टेटला गेला. हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची परंपरा सांगणारं मिसिसिपीतलं विद्यापीठ. त्याचा संघ दुसऱ्या गटात खेळणारा. हंटरला पुढे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा २०२४ चा हाइजमन पुरस्कार मिळाला, तो कोलोरॅडोकडून खेळताना.

आणि सगळे तारे एका अंगणात आणले तरी चांदणं पडेलच असं नाही. टेक्सस ए अँड एमने २०२२ साली भरती केलेली तुकडी क्रमवारीच्या इतिहासात तोवरची सर्वोत्तम ठरली होती. त्याच हंगामात संघ ५ सामने जिंकला आणि ७ हरला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारामुळे त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सव्वासहाशे कोटी रुपयांच्या घरात, रक्कम देणं भाग पडलं. ती न शिकवण्याबद्दलची रक्कम होती. उलट, कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा जॉश ॲलन याला शाळा संपताना मोठ्या विद्यापीठांनी विचारलंही नाही. एक वर्ष छोट्या कॉलेजात काढून तो वायोमिंगला गेला. व्यावसायिक लीगच्या २०२४ च्या हंगामात सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

अंडरवुडचा आकडा ऐकून पुष्कळ जण हळहळले, की शिक्षणाच्या जागी बाजार आला. मला ते पटत नाही. बाजार आधीपासून होता. मैदानं भरत होती, वाहिन्या पैसे मोजत होत्या, प्रशिक्षक कोट्यधीश होत होते. १ जुलै २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर रुपयाही कमवायला बंदी होती ती फक्त ज्याचे गुडघे आणि डोकं पणाला लागत होतं त्या मुलाला. शिष्यवृत्ती त्याला मिळायची, पण हिस्सा नाही. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटता येऊ लागली. हा न्याय फार उशिरा झाला.

मात्र पैसा मिळतो म्हणून विचार बदलणाऱ्या मुलाला शिव्या घालायचा हक्क प्रेक्षकाला मिळत नाही. सही होईपर्यंत त्याचं मन त्याचं आहे.

३० ऑगस्ट २०२५ रोजी मिशिगनच्या मैदानावर लाखाहून अधिक लोकांसमोर अंडरवुडने पहिला सामना खेळला. न्यू मेक्सिकोविरुद्ध मिशिगन ३४-१७ ने जिंकलं. त्या दिवशी त्याचं वय होतं अठरा वर्षं आणि अकरा दिवस.