टोकियोचा पाऊस आणि विसरलेल्या छत्र्या

नोकरी-शिक्षणासाठी जपानला जाणाऱ्या मराठी मुला-मुलींची संख्या आता वाढली आहे. टोकियोच्या निशिकासाई भागात तर आपली अनेक कुटुंबे राहतात. निघताना घरचे लोक बॅगेत मसाले, लोणचे, पापड भरून देतात. "थंडी फार असते, स्वेटर घे" असे बजावतात. पावसाची आठवण मात्र कुणाला होत नाही.

वास्तविक टोकियोचा पाऊस कमी नाही. मुंबईत वर्षाला २२०० मि.मी.च्या वर पडतो, तर टोकियोत सुमारे १६०० मि.मी. एकट्या जुलैत मुंबईवर ८०० मि.मी.हून अधिक कोसळतो आणि दसरा-दिवाळीला छत्री माळ्यावर जाते. तिकडे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत एक पावसाळा असतो. 'उमे' नावाचे आंबट फळ याच दिवसांत पिकते, म्हणून त्याला फळाच्या पावसाचेच नाव पडले. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात वादळी पाऊस येतो. तो पहिल्यापेक्षाही जास्त असतो. थोडक्यात, छत्री माळ्यावर टाकायची सोय नाही.

तिथे गेल्यावर छत्रीची शिस्त शिकावी लागते. दुकानाच्या दाराशी प्लॅस्टिकच्या लांबट पिशव्या ठेवलेल्या असतात. ओली छत्री त्यात घालूनच आत जायचे. काही संग्रहालयांत व सभागृहांत छत्र्या ठेवायला कुलपाचे खण असतात. चावी आपल्या खिशात. गाडीत चढण्यापूर्वी छत्री झटकायची, पट्टीने बांधायची आणि टोक खाली करून अंगालगत धरायची. छत्री धरून सायकल चालवणे नियमाविरुद्ध आहे, दंड होतो. नव्याने गेलेल्यांनी हे आधीच लक्षात ठेवावे व रेनकोट घ्यावा. या सगळ्यामागे विचार एकच: माझ्या छत्रीचे पाणी शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ नये. आपल्या लोकलमध्ये पावसाळ्यात काय चालते ते प्रत्येकाला ठाऊक आहे!

परंतु याच शहराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिथे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत पारदर्शक प्लॅस्टिकची स्वस्त छत्री मिळते. पाऊस आला की घ्यायची, थांबला की कुठेतरी विसरायची. २०१८ साली टोकियो पोलिसांकडे सुमारे ३ लाख ४० हजार सापडलेल्या छत्र्या जमा झाल्या. त्या परत न्यायला आलेले मालक जेमतेम एक टक्का! त्याच वर्षी हरवलेल्या मोबाईलपैकी दहातले आठ मालकांना परत मिळाले. म्हणजे लोक प्रामाणिक आहेत, यंत्रणाही चोख आहे. फक्त छत्री कुणाला हवीशी वाटत नाही. इतर वस्तू तीन महिने सांभाळतात. छत्रीसारख्या स्वस्त वस्तूंची दोन आठवड्यांनंतर विल्हेवाट लावण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे.

जपानी माणूस पूर्वी असा नव्हता. तेल लावलेल्या कागदाच्या छत्र्या होत्या, तेव्हा जुन्या छत्र्या विकत घेणारे फेरीवाले दारोदार फिरत. बांबूच्या काड्यांवर नवा कागद चढे आणि जुना कागद सामान बांधायला विकला जाई. आता २०१८ पासून तिथे छत्री भाड्याने घेऊन दुसऱ्या ठिकाणी परत ठेवण्याची सोय सुरू झाली आहे, ही चांगली गोष्ट म्हणायची.

आपल्या घरांत छत्री ही मालमत्ता होती. एका छत्रीत तिघे भावंडे शाळेत जात. कापडावर पांढऱ्या रंगाने नाव घातलेले असे. काडी मोडली तर मे अखेरीस नाक्यावर बसणारा दुरुस्तीवाला ती बदलून देई आणि मोठ्याची छत्री धाकट्याकडे येई. ही गरिबीची सवय होती हे खरे. पण पगार वाढला म्हणून ती टाकून द्यावी असे तिच्यात काहीच वाईट नाही.

तेव्हा जपानला निघालेल्या मुला-मुलींना एवढेच सांगावेसे वाटते. छत्री झटकून, बांधून धरायची शिस्त तिथून जरूर शिका आणि सुट्टीत घरी आलात की आम्हालाही शिकवा. पण जाताना इथून एक मजबूत छत्री न्या. तिच्यावर नाव घाला. आणि विसरलीच तर पोलीस चौकीत जाऊन मागा. ती तिथे जपून ठेवलेली असेल.