पोर्तुगीज गेल्यावर कोर्लई

१७४० मध्ये चौलवरचा पोर्तुगीज अंमल संपला आणि रेवदंड्याचा कोट मराठ्यांकडे आला. त्याआधी दीर्घकाळ या कोटात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा संघांचे मठ आणि चर्च नांदत होती. ज्यांची ऐपत होती ती माणसे गोव्याकडे निघून गेली. कुंडलिकेच्या दक्षिण तीरावर, पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये जिंकलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी, कोर्लईत जी ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली ती शेतीवर आणि मोलमजुरीवर पोट भरणारी होती. तलवारीबरोबर आलेला धर्म तलवारीबरोबरच जातो, असे आपण सर्रास म्हणतो. कोर्लईने ते खोटे ठरवले. पण तो का टिकला यापेक्षा तो शेजाऱ्यांना कसा कळत होता, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझे म्हणणे असे की या किनाऱ्यावर कॅथलिक श्रद्धा सांभाळली ती प्रापंचिकांनी, आणि सव्वादोनशे वर्षे ती सर्वांना दिसत होती. मात्र ती शेजाऱ्याला समजेल अशा बोलीत उघडपणे मांडली जाऊ लागली ती १९६० च्या दशकात, मिस्सा मराठीत आल्यावर.

पहिला आक्षेप लगेच येतो. पोर्तुगीज गेले तरी पाद्री कुठे गेले होते? माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये गोव्याकडचे धर्मगुरू येत राहिले. बाप्तिस्मा, लग्न, मिस्सा यांपैकी काहीही त्यांच्यावाचून अडले असते. हे खरेच आहे. पण कोर्लईची बोली काही वेगळे सांगते. गावकरी जिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आमची बोली’ म्हणतात, त्या क्रिस्तीचे शब्द बव्हंशी पोर्तुगीज आहेत, वाक्याचा सांगाडा मात्र मराठीकडे झुकलेला, क्रियापद शेवटी. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले. अशी बोली वेदीवरून उतरत नाही. ती चुलीपाशी, शेताच्या बांधावर, लग्नाच्या गाण्यांत घडते. धर्मगुरूंचे पोर्तुगीज ग्रांथिक होते, घरातले असे. जी माणसे आपली बोली अशी पिढ्यानपिढ्या पुढे देत होती त्यांनीच सण, उपवास आणि प्रार्थनाही पुढे दिल्या, असे मानायला हरकत नाही. आणि धर्मगुरूशिवाय श्रद्धा टिकू शकते का, याचे उत्तर याच किनाऱ्यावर मिळते. अलिबाग, नागाव, रेवदंडा भागातल्या बेने इस्रायल ज्यूंकडे शतकानुशतके रब्बी नव्हते. त्यांचा घाणा शनिवारी बंद असे, एवढ्यावरून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. उपदेश कोणी केला नव्हता, तरी सगळ्या पंचक्रोशीला त्यांचा शब्बाथ ठाऊक होता.

अर्थात घाणा बंद आहे हे दिसते, तो का बंद आहे हे कळत नाही. कोर्लईची गोष्ट दीर्घकाळ अशीच होती. शेजारच्या कोळ्यांना चर्च दिसे, रविवार पाळलेला दिसे, गाणीही ऐकू येत. पण उपासनेचे शब्द लॅटिन नाहीतर पोर्तुगीज. हे अटळ नव्हते, म्हणून जास्त खटकते. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून काढले होते. १६५९ मध्ये उत्तर कोकणातल्या फ्रान्सिस्कनांपैकी फ्रान्सिस्कु व्हाझ दी गिमरांइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे पुराण लिस्बनला छापले गेले. त्याची भाषा इथल्या माणसांची होती. म्हणजे मार्ग सापडला होता. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला आणि सत्तेपुरता तरी तो मार्ग बंद झाला. सामान्य माणसाची श्रद्धा त्याच्या शेजाऱ्यापासून तोडण्याचा याहून सोपा उपाय कुणाला सुचला नसता. गंमत अशी की तो स्वधर्मीयांनाच सुचला.

उपासनेच्या भाषेचे हे कोडे रोममध्ये सुटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला वाट दिली आणि १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या सेवाकार्यावरचा स्वतंत्र दस्तऐवज संमत केला. हे दोन्ही एकत्र वाचायला हवेत. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाने आपल्या धंद्यात, वस्तीत, नात्यागोत्यात साक्ष द्यावी असे दुसरा सांगतो. पण ज्याला आपला विश्वास केवळ पाठ आहे तो साक्ष काय देणार? कोर्लईच्या चर्चमध्ये याच दशकात मराठी आली. गावातला माणूस उभा राहून शास्त्रपाठ मराठीत वाचतो तेव्हा त्याला स्वतःला तो समजलेला असतो, आणि लग्नाला किंवा मर्तिकाला आलेल्या हिंदू शेजाऱ्यालाही समजतो. वाक्य कळले की शेजारी प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तर द्यायला पाद्रीच शोधावा लागत नाही.

याची किंमत बोलीने मोजली, असे भाषाप्रेमी म्हणतात. क्रिस्ती बोलणारे आज हजाराच्या आसपास असतील. ही हळहळ योग्य आहे, आरोप मात्र अर्धाच. चर्चमधून जी हद्दपार झाली ती पोर्तुगीज. क्रिस्ती वेदीवर कधी नव्हतीच. क्रिस्तीला मागे सारले ते शाळेच्या मराठीने, नोकरीने आणि कुंडलिकेवरच्या साळाव पुलाने. १९८६ मध्ये रेवदंडा पलीकडच्या तीराशी जोडला गेला आणि कोर्लईचा आडवळणी एकांत संपला. पोर्तुगीजचा आधार गेल्याने बोलीची घरातली प्रतिष्ठा थोडी उतरली असेल, इतके मी मान्य करतो.

यापेक्षा जड आक्षेप वेगळा आहे: श्रद्धा जाहीरपणे सांगणे म्हणजे अखेर धर्मांतराचा धंदा. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, चालू होते; त्यामुळे हा संशय हवेतून आलेला नाही. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात धर्मप्रसाराच्या हक्कावर वाद झाला, कन्हैयालाल मुनशींनी तो राखण्याची बाजू घेतली आणि पंचविसाव्या अनुच्छेदात तो राहिला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. न्यायालयाने आखलेल्या या रेषेच्या अलीकडे कोर्लई कायमच राहिली आहे. पावणेतीनशे वर्षे हिंदू शेजाराला राहूनही ही वस्ती एका गावापुरतीच आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती एक टक्क्याच्याही आत भरले. धर्मप्रचाराचा हिशेब ठेवणारा कारकून याला अपयश म्हणेल. मग इथेच उलटा प्रश्न येतो, आणि तो मला अधिक चांगला वाटतो: कोणीच नवे आले नाही, लग्ने आपसात झाली, तर हिला श्रद्धा म्हणायचे की जात? उत्तरात दोन्हींची भेसळ आहे. ख्रिस्तीपण कोर्लईत जन्माने आले. पण १७४० नंतर ते टाकून देण्याने राजाची गैरमर्जी ओढवणार नव्हती, आणि धरून ठेवण्यात राजाश्रयाचा लाभ उरला नव्हता. निव्वळ सवयीने एखादी गोष्ट तीन पिढ्या चालते. आठ-दहा पिढ्या चालायला त्यात काही आपलेपण असावे लागते.

मराठी आली म्हणून संशय मिटला, असा दावा मात्र टिकणार नाही. ‘निरोप्या’ हे कॅथलिक मराठी मासिक १९०३ पासून निघते आहे. वसईच्या सिसिलिया कार्व्हालोंसारख्या प्रापंचिक लेखकांनी मराठी साहित्यात स्वतःची जागा मिळवली. ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीलाही विरोध झाला, आणि तो त्यांच्या मराठीला नव्हता, झग्याला होता. माझ्या युक्तिवादाविरुद्ध हे उदाहरण कोणी पुढे केले तर मी ते नाकारणार नाही. फक्त एवढेच दाखवीन की तो वाद मराठीत झाला, दोन्ही बाजूंना एकमेकांचे शब्द कळत होते, आणि दिब्रिटोंची बाजू घ्यायला उभे राहिलेल्यांत ख्रिस्ती नसलेले लेखकही होते. पोर्तुगीज प्रार्थनांच्या काळात कोर्लईच्या माणसाशी सहमत व्हायला किंवा भांडायला शेजाऱ्याजवळ काही साधनच नव्हते.