रोजनिशी कोणत्या पद्धतीने लिहावी?

रोजनिशी सुरू करणारे पुष्कळ, वर्षभर टिकवणारे थोडे. दोष आळसाला दिला जातो. मला वाटतं, बहुतेक वेळा लिहिण्याची पद्धत आणि लिहिणारा यांचं मुळात जमलेलंच नसतं.

इंग्लंडच्या नौदलाचा कारभार पुढे ज्याने सांभाळला, त्या सॅम्युएल पीप्सने १ जानेवारी १६६० रोजी लंडनमध्ये रोजनिशी लिहायला घेतली. त्याला काहीच वगळायचं नव्हतं: बायकोशी झालेली भांडणं, स्वतःची लफडी, दरबारातली कुजबुज. म्हणून त्याने थॉमस शेल्टनची लघुलिपी निवडली. हात भरभर चाले आणि वही कोणी उघडलीच, तरी सहज वाचता येत नसे. १६६६ मध्ये लंडन जळत असताना त्याने बागेत खड्डा खणून दारू आणि पार्मेझान चीज पुरलं, तेही तिथे नोंदलेलं आहे. साडेनऊ वर्षांत सहा खंड भरले, सुमारे साडेबारा लाख शब्द! दृष्टी जाईल या भीतीने ३१ मे १६६९ला तो थांबला. १८१९ पासून तीन वर्षं खपून जॉन स्मिथने ती लिपी उलगडली. शेल्टनचं ही लघुलिपी शिकवणारं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात होतं, याची त्याला कल्पना नव्हती.

इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याची तऱ्हा अगदी निराळी. त्याच्याकडे छापील रकान्यांची वही होती: तापमान, वायुभार, वारा, पाऊस, वर्षातलं पहिलं फूल, पहिला पक्षी. एका पानावर एक आठवडा. शेवटच्या रकान्यात पाकोळ्या आणि टिमोथी हे पाळीव कासव यांच्याबद्दल दोन ओळी. १७६८ पासून १७९३ मध्ये मरण येईपर्यंत त्याने ही वही चालवली. रकाने तेच राहिल्यामुळे एका वर्षाचा वसंत दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता आला. पीप्सच्या ऐसपैस लिखाणातून हे साधलं नसतं.

मनावर ओझं असेल तर रोजचा नेमही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटंच लिहिलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या.

तेव्हा वही घेण्याआधी ठरवा, पुढे तीत काय शोधायचं आहे. पाऊस, पेरणी, रक्तातली साखर असेल, तर रकाने आखा. माणसं आणि प्रसंग जपायचे असतील, तर कोरी पानं घ्या आणि वही कुलपात ठेवा.