उभे गण, आडवी आवर्ते

- आवाका: आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्ये, १८ उभे गण, ७ आडवी आवर्ते.
- मांडणी: मेंडेलीव्हची सारणी (१८६९) अणुवस्तुमानावर आधारित. मोज्लेच्या प्रयोगांनंतर (१९१३) आधार अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनच्या संख्येचा.
- गण: बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांची मांडणी सहसा सारखी, म्हणून रासायनिक गुणधर्म मिळतेजुळते.
- आवर्त: इलेक्ट्रॉन कवचांची संख्या समान. डावीकडून उजवीकडे धातुगुण कमी होत जातो.
- ओळखीचे गण: १ – अल्क धातू (हायड्रोजन याच गणात, पण अधातू). २ – अल्कधर्मी मृदा धातू. ३ ते १२ – संक्रमक मूलद्रव्ये. १७ – हॅलोजन. १८ – राजवायू.
- संस्कृत खूण: सारणीत रिकाम्या सोडलेल्या जागांतील, तेव्हा न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या नावांना मेंडेलीव्हने ‘एक’ हा संस्कृत शब्द जोडला. त्याचे ‘एक-सिलिकॉन’ १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून सापडले.
- रबाळ्याच्या पट्ट्यात: रबाळे हे रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले ठिकाण. रसायन उद्योगातील नेहमीची उदाहरणे: कॉस्टिक सोड्यातील सोडियम गण १ मधला, चुन्यातील कॅल्शियम गण २ मधला, गंधकाम्लातील गंधक गण १६ मधला, तर पाणी शुद्ध करणारा क्लोरीन गण १७ मधला.