घाटावर काटा ‘वादळा’वरच!

बुलडाणा - जुन्या बाजारात मिळालेले खिशातले वायुभारमापक हौसेने घरी आणावे, तर बाहेर लख्ख ऊन आणि काटा मात्र ‘वादळ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर! यंत्र बिघडलेले समजून ते मातीमोल विकले जाते, किंवा मागचा स्क्रू पिळून काटा ‘निरभ्र’वर आणला जातो. वास्तविक दोष यंत्राचा नसतो. तबकडीवरील शब्द समुद्रसपाटीसाठी कोरलेले असतात. सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरील बुलडाणा शहरात हवेचा दाब एरवीही २८ इंचांच्या आतच असतो आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर तो आकडा वादळाचा.

पारा नसलेले हे यंत्र फ्रान्सच्या ल्युसियाँ व्हिदी यांनी १८४४ मध्ये सिद्ध केले. आत पातळ पत्र्याची, हवा काढून घेतलेली डबी असते. दाब वाढला की ती चेपते, घटला की फुगते. ही केसभर हालचाल तरफा आणि बारीक साखळीच्या साह्याने काट्यापर्यंत पोहोचते. १८६० च्या दशकात लंडनच्या नेग्रेटी अँड झांब्रा या पेढीने त्याला खिशातल्या घड्याळाचे रूप दिले. भूमापक व प्रवासी त्याच्या कडेवरील फुटांच्या वर्तुळावरून चढाची उंची काढत.

संग्राहकाच्या दृष्टीने बुलडाणा जिल्हा म्हणजे आयती प्रयोगशाळाच. घाटाखालच्या मलकापुरातून राजूर घाट चढून बुलडाण्यास येताना सुमारे चारशे मीटरची चढण होते. तेवढ्यात काटा अंदाजे सव्वा इंच उतरला, तर यंत्र जिवंत आहे असे समजावे. लोणार सरोवराच्या काठावरून तळाशी उतरताना, म्हणजे सुमारे १३७ मीटरमध्ये, तो साधारण चार दशांश इंच चढतो. प्रवास नको असेल, तर सकाळी दहा व दुपारी चार वाजता काचेवर हलकी टिचकी मारून आकडा टिपावा. आपल्याकडे वादळ नसतानाही या वेळेत दाब सुमारे एक दशांश इंच उतरतो. काटा तसूभरही हलला नाही, तर तो अडकलेला असण्याची शक्यता अधिक.

जुन्या होकायंत्रांचीही अशीच गत. लंडनमध्ये चुंबकसूचीचे उत्तर टोक जमिनीकडे अधिक झुकते, म्हणून दक्षिण टोक थोडे जड ठेवले जाई. येथे तो झुकाव निम्म्याहून कमी असल्याने दक्षिण टोकच खाली जाते. तेही बिघाडाचे लक्षण नव्हे.

खरी फसवणूक वेगळीकडे आहे. रुरकीसारख्या ठिकाणी पितळी होकायंत्रे व सेक्स्टंट यांच्या शोभेच्या प्रतिकृती आजही बनतात. त्यावर लंडनचे नाव आणि जुने साल कोरलेले असले, तरी त्यातून वय सिद्ध होत नाही. उलट वस्तू खरोखर शंभर वर्षांपूर्वीची असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदा तिला लागू होऊ शकतो. परदेशी गिऱ्हाइकाकडे ती परस्पर पाठवता येत नाही.

आणखी एक. घरचे पितळ चिंच-मिठाने घासण्याची सवय येथे आवरावी. तबकडीवरील चांदीचा पातळ थर त्याने निघून जातो.